वहिनीने तोंड वाकडं केलं नाही

वहिनीला मी शेवटचं पाहिलं ते एका शनिवारी. शाळा सुटली की खालापूरहून चालत लोधिवलीला दादाच्या घरी जायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ. गेलो की वहिनी ओटीवर काहीतरी निवडत बसलेली असायची. त्या दिवशी वाल निवडत होती. पोटाचं दुखणं तिला दिवाळीपासून होतं आणि कर्जतच्या वैद्यांचा काढा चालू होता. मी पोटाचं विचारलं. तिने शेजारची वाटी उचलली, तो काळाकुट्ट काढा पाणी प्यावं तसा प्यायली आणि म्हणाली, "बरं हाय आता. तुमी नका घोर करू." मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. काही दिसलं नाही. मग नजर तिच्या पदराच्या टोकाकडे गेली. ते कुरतडल्यासारखं, भोकाभोकांचं झालं होतं. मास्तरकी केलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. म्हटलं, "वैनी, उंदीर लागलेत का लुगड्याला?"

"लागलेत मेले," म्हणाली आणि पदर कमरेला खोचून घेतला. मी आपल्याच विनोदावर हसलो, रविवारी परत फिरलो... आणि गुरुवारी, पोरांना गुणाकार घालून खिडकीशी उभा असताना, आमच्या गावचा एक माणूस शाळेच्या दाराशी आला आणि वहाणा काढून तसाच उभा राहिला. तो काही बोलायच्या आधीच मी खडू खाली ठेवला.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. भेटायला आलेले लोक म्हणतात, कोणाला वाटलंसुद्धा नाही हो, इतकं दुखत असेल म्हणून. लोकांना वाटलं नाही हे ठीक आहे. मला वाटायला हवं होतं. त्या तोंडाची करामत माझ्याइतकी जवळून कोणी पाहिलेली नाही. माझा मुलगा त्या तोंडावर जगलेला आहे.

तापाच्या साथीत माझी बायको गेली तेव्हा आमचा दामू तीन महिन्यांचा होता. शाळा बंद होत्या. मी एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात त्याची दुपटी घेऊन दादाच्या दारात उभा राहिलो. वहिनीची लेक गंगू तेव्हा चालती-बोलती झाली होती, तेव्हा अंगावरच्या दुधाचा प्रश्नच नव्हता. शेळीचं दूध सुरू केलं. पण दामू दूध टाकायचा. घोटभर आत गेलं की दोन घोट माझ्या सदऱ्यावर. हिशेब कसा जमायचा देव जाणे, पण माझा सदरा बाळसं धरत होता आणि पोर वाळत चाललं होतं. वैद्यांनी नाडी पाहिली, पोट दाबलं आणि कुड्याची मुळी दिली. रोज सकाळ-संध्याकाळ, दुधाच्या आधी, सहाणेवर पाण्यात उगाळून चाटवायची. पोटात राहिली तर पोर राहील, म्हणाले.

कुडा ज्यांनी चाखला नसेल त्यांना त्याचा कडूपणा सांगून कळायचा नाही. आणि ज्यांनी चाखला असेल त्यांना सांगायला नकोच. चाटवायचं काम मी आपण होऊन घेतलं. साठ पोरांच्या वर्गाला मी पाढे चाटवले होते, हे एवढंसं पोर ते काय! पहिल्या दिवशी त्याने ओठ मिटले. दुसऱ्या दिवशी मी गूळ लावून पाहिला. त्याने गूळ जिभेने बाहेर ढकलला. नाक दाबून पाहिलं, तर आधीचं दूधही बाहेर आलं. मग मी फार हुशारी केली, औषध दुधातच कालवलं. झालं, त्या दिवसापासून ते दुधालाही तोंड लावीना. एक अख्खा दिवस पोटात काही नाही. संध्याकाळी त्याला रडायलाही जोर उरला नव्हता, नुसतं तोंड उघडायचा... मी सहाण पुढ्यात घेऊन बसलो होतो, आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी येत होतं.

वहिनी सूप घेऊन दारात उभी होती. चार दिवस ती माझा हा कारभार न बोलता बघत होती. दिराच्या कामात तोंड कसं घालायचं, असं तिला वाटत असावं. त्या दिवशी तिने सूप खाली ठेवलं.

"भावजी, तुमी पोराला औषद देताय का तोंड दावताय?"

मला कळेना. मग तिने सांगितलं. मी दर वेळी आधी आपण बोट चाखून बघत होतो, फार कडू तर उगाळलं नाही ना म्हणून, आणि चाखलं की माझं तोंड असं वाकडं होत होतं की दाराबाहेरची शेळीदेखील मागे सरावी. "आन मंग त्येच बोट पोराम्होरं. कसं घ्यावं त्येनं?"

तिने दामूला कडेवर उभा धरला. बोट सहाणेवर फिरवून आधी स्वतःच्या जिभेवर ठेवलं. त्याच्याकडे बघत, यंदा वाल बरे भरलेत, दोन शेंगा खुडून बघितल्या, असलं काहीतरी त्यालाच सांगत राहिली. तिच्या कपाळावरची शीरसुद्धा हलली नाही. पोर टक लावून तिच्या तोंडाकडे बघत होतं. बोलता बोलता दुसरं बोट त्याच्या गालाच्या आत गेलं. त्याने जरा विचार केल्यासारखं केलं आणि गिळलं.

मी त्याला घेऊन निजवायला निघालो तेवढ्यात तिने थांबवलं. "निजवू नका. बसूबी नका. माझं भात कांडून हुईस्तवर खांब व्हा." आणि अशा रीतीने खालापूरच्या शाळेचा मास्तर रोज दोन वेळा खांब होऊ लागला. दामूला डाव्या खांद्यावर उभा धरायचा, हनुवटी खांद्यावर, माझा तळवा त्याच्या पाठीवर. समोर वहिनीचं मुसळ चालू. मी जरा वाकलो की मुसळ थांबायचं. कंटाळा जावा म्हणून मी त्याला पाढे म्हणून दाखवायचो. एकोणतिसाच्या पाढ्याला आलो की तो बहुतेक झोपलेला असायचा. हळूहळू सदरे कोरडे राहू लागले. पुढे पोर बसायला लागलं तसं ते टाकणंच संपलं.

एकदा मी तिला विचारलं होतं, एवढं कडू जिभेवर ठेवून तोंड असं सरळ कसं राहतं? ती म्हणाली, "सासरी आल्यापास्नं शिकले." मी तेव्हाही हसलो होतो. ज्या सासरी ती हे शिकली त्या सासरी मीही राहत होतो, हे त्या वेळी ध्यानात आलं नाही. तेराव्या वर्षी आलेल्या त्या मुलीला, आज काय झालं गं, असं आमच्यापैकी कोणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

दहाव्याला गंगू माहेरी आली होती, दिवाळीत राहून गेली तेव्हा पाहिलेलं तिने सांगितलं. कळ आली की आई पदराचा बोळा दातांत धरायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. दोन महिने. मी उठून परसात गेलो. उंदीर...

दामू आता कर्जतला रेल्वेच्या शेडमध्ये कामाला आहे. मागच्या रविवारी आला होता. तिच्याबद्दल बोलला नाही. बरा आहेस ना, विचारलं. बरा आहे, म्हणाला. तोंड सरळ, कपाळावरची शीरसुद्धा हलली नाही. हे तोंड मी ओळखतो. मी पुन्हा विचारलं. तो रागावला, "एकदा सांगितलं ना, बाबा." मी तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा तो उठून खिडकीशी गेला आणि बराच वेळ पाठ करून उभा राहिला. मी जवळ जाऊन त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. दुपारच्या गाडीची वेळ होईस्तोवर आम्ही तसेच उभे होतो.

तिची सहाण मी खालापूरच्या खोलीवर आणली आहे. पोट माझंही हल्ली कुरकुरतं, तेव्हा सकाळी कुड्याची मुळी उगाळतो आणि चाखतो. तोंड वाकडं होतं ते होतंच. बघणारं कोणी नाही, तेव्हा मनसोक्त होऊ देतो. पण औषध घेतल्यावर मी बसत नाही. खोलीच्या मधोमध उभा राहतो, डावा हात आपोआप छातीशी येतो, आणि पाढे सुरू होतात. एकोणतिशी संपते, तिशी संपते... बाहेर मुसळ नाही, तेव्हा थांबायचं कधी ते कळत नाही.