म्हाताऱ्यांसाठी हळिवाचे लाडू

गिरण्यांच्या संपाला दहा वर्षं उलटली तरी माझे सासरे, आबा, साचे खात्यातल्या आवाजातच बोलत. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाला हळू बोलणं म्हणजे काय ते ठाऊक नसतं. आमच्या लालबागच्या खोलीत त्यांनी "मीठ वाढ गो" म्हटलं की वरच्या मजल्यावरची बाई मिठाची बरणी शोधू लागे. त्यामुळे पुढे जे झालं ते अख्ख्या चाळीने ऐकलं.

झालं असं, की आबा वाळायला लागले. सासूबाई गेल्यापासून त्यांचं जेवण तुटलं होतं. पुढचे दात तर कधीच गेले होते. मागाच्या धोट्यातून तोंडाने सूत ओढून ओढून गेले, असं ते सांगत. माझा संशय तंबाखूवर होता. कवळी करून आणली होती, पण ती बहुतेक वेळ वाटीतल्या पाण्यात आराम करी. नाक्यावरच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हाडं ठिसूळ झालीत. असेच सुकत गेले आणि एकदा पडले, तर उठायचे नाहीत. तीळ, जवस, हळीव, असं काहीतरी पोटात जाऊ दे. आवडीने खातील असं करा."

आवडीने म्हणे! डॉक्टरांना बोलायला काय जातं?

पण मी घाबरले होते, हे सरळ सांगते. आबांशी माझं रोज वाजायचं. तरीही रात्री त्यांचं घोरणं थांबलं की मी उठून बघून यायचे.

पहिला प्रयोग तिळाच्या वडीचा. आबांनी एक चावा घेतला आणि वडी बाहेर ओढली तर सोबत कवळीही आली. दुसरा प्रयोग जवसाच्या चटणीचा. ती मला शेजारच्या सातारच्या बाईने शिकवली. आबांनी वास घेतला आणि ताटली सरकवली. "ह्या गुरांचा खाणा." आम्ही मालवणकडचे, घाटावरचं काहीही आमच्यात आधी गुरांनाच जातं. मग मी गनिमी कावा केला. तीळ भाजून, बारीक वाटून बांगड्याच्या कालवणात घातले. पहिल्या घोटालाच आवाज घुमला, "बांगड्याक संक्रांत कित्या लावलंस गो?" वरची बाई खाली डोकावली.

आता मला ईर्षा चढली. गॅलरीतल्या बाकावर रोज दुपारी आबा आणि आणखी तीन जुने साचेवाले पत्ते कुटायचे. चौघांत मिळून एका माणसाचे दात भरले असते. मी त्या तिघांना परीक्षक नेमलं. काहीही केलं की आधी त्यांच्यापुढे ठेवायचं. त्यातल्या एकाला सगळंच गोड लागे, दुसऱ्याला सगळं तिखट लागे आणि तिसरा खाऊन झाल्यावर नक्की काय खाल्लं ते विचारी. पण त्यांच्यामुळे मी शिकले. अख्खा दाणा चालत नाही, तो कवळीखाली शिरतो. कोरडं चालत नाही, ठसका लागतो. कडू लागलं की औषध समजून ते उठून जातात.

शेवटी हळीव घेतले. नारळाच्या पाण्यात भिजवले की ते लाल मोहरीएवढे दाणे टम्म फुगतात, मऊ पडतात, दाताचं कामच राहत नाही. ओलं खोबरं, गूळ, जायफळ घालून शिजवलं आणि लहान लहान लाडू वळले. बाकावर ताट ठेवलं. तिघांनी दोन-दोन उडवले. आबांनीही हात पुढे केला आणि विचारलं, "काय ह्या?"

"हळिवाचे लाडू," मी म्हणाले.

आबांचा हात तिथल्या तिथे थांबला. मग चाळ हादरली. "हळीव? मी काय बाळंत झालंय?"

हळिवाचे लाडू बाळंतिणीचे, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण दाणा कसा मऊ होईल या नादात ते डोक्यातूनच गेलं होतं. तिघांचे घास तोंडात अडकले. चारही गॅलऱ्यांतून हसू फुटलं. कोणीतरी ओरडून विचारलं, मुलगा की मुलगी?

दुसऱ्या दिवशी तिघांपैकी एकजण एकटाच दाराशी आला. "दोन लाडू दे गो, सुनेक होये." त्या सुनेचा मुलगा दहावीत होता. संध्याकाळपर्यंत उरलेले दोघेही आपापल्या सुनांसाठी येऊन गेले. पदार्थ पास झाला होता. फक्त ज्याच्यासाठी केला तो खात नव्हता.

आठवड्याभरात आबा मोरीपाशी चक्कर येऊन पडले. नशीब, भिंतीचा आधार मिळाला. त्यांना खाटेवर बसवलं आणि माझा तोल सुटला. "लोक हसले म्हणून खात नाही ना? मरा मग ऐटीत!" सुनेने सासऱ्याला असं बोलू नये. मी बोलले.

 आबा जन्मात पहिल्यांदा हळू बोलले. "हसांदेत. त्याचा काय नाय. तुझ्या बाळंतपणात ह्या घरात हळीव इले नाय. संप चालू होतो. तू नुसती पेज खाल्लंस, नि मी समोर बसान बघलंय. आता ते लाडू माझ्या घशाखाली कसे उतरतले?"

माझी मुलगी संपात झाली. माहेरीही वडील गिरणीतलेच, संपावरच, म्हणून बाळंतपण इथेच झालं. ती पेज मला चांगली आठवत होती. हळीव आणले नाहीत म्हणून मी तेव्हा आबांना मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या होत्या. त्यांनी ते मनाला लावून घेतलं असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मला तिथेच रडू आलं.

तिघांच्या सुनांसाठी म्हणून कालच पुन्हा वळलेल्या लाडवांचा डबा मी उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक लाडू उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. "आदी तू खा."

मुलगी तेव्हा पाचवीत होती. मी खाटेच्या कडेला बसून तिच्या जन्माचा लाडू खाल्ला. तो संपेपर्यंत आबा माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली आणि दुसरा लाडू उचलला.

त्या खेपेला गूळ कमी पडला होता. खोड काढल्याशिवाय घास न गिळणारे आबा त्यावर काही बोलले नाहीत.