गेडाम मॅडमचे आरसे

बातमीला जागा मोजून मिळते, म्हणून खरी गोष्ट बहुतेक वेळा बाहेरच राहते. शिक्षणाच्या बातम्या करता करता माझे केस पिकले. छापलेलं विसरलो, न छापलेलं साठत गेलं. त्यातले हे थोडे किस्से, कन्हानजवळच्या एका शाळेतले, गेडाम मॅडमच्या इंग्रजीच्या तासाचे. हा तास बंद पाडायला जो तो सरसावला होता. ते ऐकून चिडलो आणि तिथं जायला लागलो. चीड अजून गेलेली नाही.

*

शाळेत भाषेची एक पेटी आली होती. आत प्लास्टिकचा जबडा, त्यात लाल रबरी जीभ, आवाज तोंडात कुठं तयार होतो ते दाखवणारे तक्ते. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना मुळात भाषा कशी घडते तेही कळावं, हा त्यामागचा चांगला हेतू. पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत, कपाटात, कुलपात.

मी मुख्याध्यापक काळमेघ सरांना विचारलं, "मुलांना कधी दाखवता?"

"दाखवतो नं. साहेब आले का काढतो."

"साहेबांना इंग्रजी शिकायचंय का?"

"तुम्ही पेपरवाले बाप्पा! पोट्टे ते जीभ उपटून ठेवतीन. मंग वरून विचारणा झाली, तं मी काय माही जीभ काढून देऊ?"

*

मॅडमनी पेटीची वाट पाहिली नाही. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या. पट्टी ओठांसमोर धरायची आणि म्हणायचं 'पान'. पट्टी जागेवर. मग इंग्रज म्हणतो तसं 'पेन' म्हणायचं. श्वासाचा झटका बसतो आणि पट्टी उडते. आपला 'प' चुकीचा नाही, त्यांचा वेगळा आहे, एवढं मुलांना एका पट्टीत कळतं. मला हे कॉलेजात इंग्रजी घेऊनही कोणी सांगितलं नव्हतं.

एका मुलाच्या हातातली पट्टी माझ्याच लेखाची निघाली. शाळेतल्या रिकाम्या जागांवर मी पोटतिडकीनं लिहिलेला लेख. मॅडमनी तो ओळखला.

"भाऊ, इतके वर्षं लिहून राहिले, कधी काही हललं का?" त्या म्हणाल्या. "आता पाहा."

मुलगा 'पेन' म्हणाला. लेख हलला.

*

वर्गाच्या भिंतीवर मुलांनी केलेला एक तक्ता असे: कोण कोणाशी कसं बोलतं. आजीशी कसं, दुकानदाराशी कसं, सरांशी कसं. मुलं ऐकून यायची आणि त्यात भर घालायची.

तपासणीला आलेले साहेब तक्ता पाहून तापले. "इंग्रजीच्या तासाला हे गावठी कशाला? मुलांची भाषा सुधारायची, की बिघडवायची?" तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. साहेब भिंतीकडे वळून म्हणाले, "अवं, तू जेवून घे नं. मले वेळ आहे. अजून शाळेतच हावो."

फोन खिशात गेला. पहिल्या बाकावरची मुलगी पेन घेऊन उभी राहिली.

"सर, हे 'बायकोशी' मध्ये लिहू का 'साहेब लोक' मध्ये?"

त्या तपासणीचा शेरा मी मागून मागून दमलो. अजून मिळालेला नाही.

*

आरशांवरून मात्र प्रकरण पेटलं. मॅडमनी प्रत्येक मुलाला हातात मावेल असा आरसा दिला होता. आवाज काढताना ओठ गोल होतात की ताणले जातात, जीभ दाताला लागते का, हे ज्याचं त्यानं पाहायचं. गावात बोभाटा झाला की शाळेत पोरींना नटायला शिकवतात. काळमेघ सरांनी अंग काढून घेतलं. पालकसभेत पालक नाही म्हणाले, तर आरसे बंद. मॅडमनी मुकाट्यानं गाइडमधून शिकवायचं.

सभेला खोली भरली. आरसे टेबलावर मांडून ठेवले होते. एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं. सगळ्यांत पुढं नत्थूभाऊ, खाणीवर ट्रक चालवणारे. त्यांची पूर्वा सातवीत. नत्थूभाऊ गालात खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, दाबून, ओठ फारसे न हलवता बोलत होते.

"पोरगी इंग्रजी शिकाले धाडली मॅडम. आरसा पाहाले घरी आहे."

"बरोबर आहे भाऊ. एक धडा तुम्ही करून पाहा. मग बंद करा म्हणा, मी करते." मॅडमनी पूर्वाला पुढं बोलावलं. "बाबांना 'आ' शिकव."

नत्थूभाऊ खिडकीतून थुंकून आले. पूर्वानं आरसा त्यांच्या हातात दिला. "बाबा, 'आ' करा. दातांमधात दोन बोटं उभी राहिली पाहिजेत. तवा आवाज मोकळा निघते."

त्यांनी हसत हसत तोंड उघडलं. पूर्वानं दोन बोटं नेली. जाईनात. मग एकच नेलं. तेही अडकलं.

"अखीन उघडा नं, बाबा."

"उघडलं नं."

"नाही उघडलं. आरशात पाहा."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"इतकंच उघडते, बेटा."

"कधीपासून?"

नत्थूभाऊंचा हात खिशातल्या खर्ऱ्याच्या पुडीवर गेला. बायांच्या बाजूनं त्यांच्या बायकोचा आवाज आला, "म्हणून भाकर दुधात चुरून मागून राहिले होते का तुम्ही?"

माणसांच्या बाजूला खर्रा चघळणारे गाल एकेक करून थांबले. मॅडमनी आरशांचं काय करायचं ते विचारलंच नाही. मागच्या बाजूचा एक जण उठला, टेबलावरचा आरसा घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग दुसरा. मग त्याच्या शेजारचा. थोड्या वेळानं त्या रांगेत काळमेघ सर होते.

"मॅडम," ते वळून न पाहता म्हणाले, "किती बोटं म्हणल्या होत्या?"