निवारीचा पट्टा

प्रारंभीच वाचकांची क्षमा मागते. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी लिहिलेले मुलींना शिकवले. आपणही काही लिहावे असे धाडस या वयापर्यंत झाले नाही. त्यातून विषय बंदुकीच्या पट्ट्याचा. संस्कृत शिकवणाऱ्या एका भिडस्त बाईने या विषयाला हात घालावा, हे तुम्हाला विचित्र वाटेल. मलाही वाटते. पण ज्यांना या विषयावर बोलण्याचा खरा अधिकार होता त्या आता नाहीत, आणि ज्यांना नव्हता ते बोलून मोकळे झाले आहेत. म्हणून हा आगाऊपणा.

त्यांचे नाव मी सांगणार नाही. कल्याणला आमच्या शाळेत त्या गणित शिकवत, म्हणून साऱ्या गावाला त्या ‘गणिताच्या बाई’. इतर शिक्षिकांना त्या जिच्या तिच्या विषयाच्या नावाने हाक मारीत. मी ‘संस्कृत’. “काय हो संस्कृत, आज डबा एकटीनेच संपवणार?” असे त्या शिक्षिकांच्या खोलीच्या दारातूनच ओरडत.

त्यांची एक लकब तुम्ही पाहिली असती, तर जन्मभर विसरला नसता. कुठेही काही बांधलेले दिसले, की त्या उजव्या हाताची दोन बोटे त्याखाली सरकवून पाहत. मुलींच्या दप्तराचा बंद, पाळण्याची दोरी, एखाद्या लेकराच्या कमरेचा करदोटा, काहीही. बोटे आत गेली तर ठीक. न गेली तर विचारीत, “टोचतंय ना? मग सोडा आणि परत बांधा.”

डोंबिवलीच्या स्टेशनाबाहेर एकदा त्यांनी चक्क टांग्याच्या घोड्याच्या पोटाखालच्या पट्ट्यात, तंगात, बोटे घातली. मी घाबरून चार हात दूर उभी.

“अहो, याला श्वास तरी घेता येतोय का?” त्यांनी टांगेवाल्याला विचारले.

“बाई, घोडा माजा हाय,” तो गुरकावला.

“घोडा तुमचा. कातडी त्याची.”

टांगेवाल्याने खाली उतरून तंग सैल केला. टांग्यात बसल्यावर मात्र त्याने आमच्याकडे एकदाही वळून पाहिले नाही. बाई खुशीत होत्या. “रागावलाय,” त्या माझ्या कानात म्हणाल्या, “पण घोडा बघा कसा पळतोय!”

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षे होती. देशाचे रक्षण आता आपणच करायचे, या उत्साहात ठाण्याच्या काही प्रतिष्ठित मंडळींनी नेमबाजीचे एक मंडळ काढले. पारसिकच्या डोंगराच्या कुशीत खडीची एक बंद पडलेली खाण होती; तिथे रविवारी सकाळी सराव चाले. स्त्रियांनीही मागे राहू नये म्हणून महिला शाखा निघाली. तिच्या उद्घाटनाला भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. गणिताच्या बाईंनी नाव घातले आणि मला न विचारता माझेही घातले. “संस्कृत, तुम्हाला ओरडता येत नाही. निदान आवाज करणारं काहीतरी हातात असू द्या.”

मंडळाचे चिटणीस हे एक निवृत्त वकील. गृहस्थ सुसंस्कृत, नेहमी परीटघडीचे. त्यांनी स्वतः कधी गोळी झाडल्याचे कोणी पाहिले नव्हते, पण शिस्तीवर त्यांचे मनापासून प्रेम होते. एका संचलनात स्वयंसेवकांच्या खांद्यावरचे रायफलींचे पट्टे कोणाचे आखूड, कोणाचे लोंबते असे दिसले, आणि चिटणीसांना झोप लागेना. त्यांनी मंडळाचे सगळे चामडी पट्टे एकाच मापावर आणून रिबिटा ठोकून जखडून टाकले. पुढच्या संचलनात ओळ आखल्यासारखी दिसली. पाहुण्यांनी कौतुक केले. झाले, ते माप कायमचे ठरले.

वाचकहो, रायफलीचा पट्टा फक्त ती खांद्याला अडकवण्यासाठी असतो, असे मलाही तेव्हा वाटे. तसे नाही. नेम धरताना त्या पट्ट्याचा फास दंडावर चढवतात, मनगटाला एक वळसा देऊन तो ताणतात, आणि मग रायफलीचा भार स्नायूंवर न राहता पट्ट्यावर येतो. हात थकत नाही, नळी डुलत नाही. पण त्यासाठी पट्टा ज्याच्या त्याच्या दंडाला आणि हाताच्या लांबीला बेतावा लागतो. रिबिटा ठोकलेले ते पट्टे उंच्यापुऱ्या पुरुषांच्या मापाचे होते. आमच्या दंडावर ते सैल कांकणासारखे खाली घसरत. नळी डोले, गोळ्या नेमाची पाटी सोडून मागच्या दगडावर जात, आणि चामड्याची कडा कोपराला सोलून काढी.

चिटणीसांनी हे पाहिले आणि निदान केले. “स्त्रियांचा हात मुळातच हलतो. त्यांचा दोष नाही. निसर्ग आहे.” आणि हसून म्हणाले, “लाटणं वेगळं, रायफल वेगळी.”

पावसाळ्याआधी परीक्षा घ्यायची, आणि तीत महिला शाखा उतरली नाही तर ती बंद करायची, असे त्यांनी जाहीर केले.

परत येताना बाईंची ती दोन बोटे पदराच्या टोकाशी सारखी चाळा करीत होती. मला पुढचे कळून चुकले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या मला कल्याणच्या बाजारात एका जीनगराकडे घेऊन गेल्या. टांग्यांचे सामान शिवणारा म्हातारा, तोंडात पान, मांडीवर आरी.

“काय देऊ? तंग की लगाम?”

“लगाम घालणारे पुष्कळ आहेत,” बाई म्हणाल्या. “तुम्ही बक्कल द्या. सरकणारं. कुठेही थांबवता येईल असं.”

“घोडा केवढा हाय?”

“माझ्याएवढा. मलाच बांधायचंय.”

म्हाताऱ्याने पान थुंकले, त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि म्हणाला, “मग मऊ कायतरी घ्या. चामडं चावंल.”

चामडे त्यांनाही नकोच होते. पावसाळी हवेत ते सैलावते, त्यावर बुरशी चढते. त्यांनी घरच्या खाटेची निळ्या धाग्याची निवार उसवून आणली होती. रुंद निवार उभी दुमडून दुहेरी शिवून घेतली, म्हणजे कडा बोथट झाली आणि ताण बसूनही निवार आक्रसली नाही. पट्टा अरुंद असला की रुततो, हे त्यांना नक्की ठाऊक होते. पहिल्या पट्ट्याचे बक्कल मात्र त्यांनी चुकीच्या जागी लावून घेतले. ते दंडाच्या आतल्या बाजूला येऊन हाडाशी भिडले, आणि आठवडाभर त्या फळ्यावर डाव्या हाताने कोन दाखवू शकल्या नाहीत. “टोचतंय,” त्या स्वतःलाच म्हणाल्या. “सोडा आणि परत शिवा.” दुसऱ्या पट्ट्यात बक्कल बाहेरच्या अंगाला आले आणि एका हाताने झटकन ढिले करता येऊ लागले.

मग आम्हा साऱ्याजणींना तसे पट्टे झाले. कोणाच्या घरची किती निवार उसवली गेली, ते विचारू नका. आमच्या एका मैत्रिणीच्या सासऱ्यांना महिनाभर सतरंजीवर झोपावे लागले.

मला पट्टा कसा बांधावा हे त्यांनी शाळेच्या गच्चीवर शिकवले, रायफलीच्या जागी छत्री देऊन. “वर घ्या, संस्कृत. आणखी वर, काखेजवळ. दंडाच्या मध्यावर बांधलात तर नाडीचा ठोका थेट नळीत जातो.” त्यांचे म्हणणे मला खाणीत पटले. पट्टा खाली घसरला की नळीच्या टोकावरची खूण माझ्या भित्र्या काळजाबरोबर टुणटुण उडे. वर घेतला की शांत होई. शेवटी त्यांची दोन बोटे येत. पट्ट्याखाली शिरत. “अडकली नाहीत, पोहलीही नाहीत. आता तुमचं माप सापडलं. लक्षात ठेवा, उद्या पोलकं जाड घातलंत की ते बदलणार.”

आपले माप असते आणि ते बदलूही शकते, असे मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

परीक्षेच्या सकाळी चिटणीसांनी आमचे पट्टे पाहिले आणि त्यांचा चेहरा आंबला.

“हे काय? खाटेची निवार? हे मंडळाच्या रीतीत बसत नाही.”

“कोणत्या नियमात बसत नाही?” बाईंनी विचारले.

“नियम नसेल. रीत आहे. एकसारखं दिसलं पाहिजे.”

“साहेब, गोळीला डोळे नसतात. आम्ही कशा दिसतो ते तिला कळत नाही.”

परीक्षक म्हणून एक निवृत्त सुभेदार आले होते. त्यांनी बाईंच्या हातातला पट्टा घेतला, बक्कल दोनदा सरकवले, आणि परत दिला. मग शिट्टी फुंकली. परवानगी मिळाली ती एवढीच.

आम्ही उत्तीर्ण झालो. नुसत्या उत्तीर्ण नव्हे. बाईंच्या पाटीवरची भोके एकमेकांना इतकी चिकटली होती की सुभेदारांनी ती पाटी उन्हासमोर धरून पाहिली. चिटणीस म्हणाले, “आज वारा नव्हता.”

इथेच हे व्यक्तिचित्र संपले असते, तर मी आनंदाने लेखणी खाली ठेवली असती. पण तुम्हीही माणसे पाहिली आहेत. पुढे काय झाले असेल, याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल.

सत्कार समारंभात पुरुषांना चांदीचे पेले मिळाले. बाईंना खण आणि नारळ. व्यासपीठावर त्यांनी नमस्कार केला, खाली येऊन पायरीवरच नारळ फोडला आणि खोबरे आम्हाला वाटले. “खा. दात मजबूत होतील. लागणार आहेत.”

त्याच समारंभात चिटणीसांनी त्यांचा पट्टा मागून घेतला. “नमुना म्हणून. दोन-चार दिवसांत परत करतो.” महिन्याभरात मंडळाच्या साऱ्या पुरुषांना सरकत्या बकलाचे नवे पट्टे आले, दुहेरी शिवणीचे, बक्कल बाहेरच्या अंगाला. आणि पावसाळा संपताच महिला शाखा बंद झाली. कारण, रायफली पुरत नाहीत.

आमची परीक्षा झाली होती. आम्ही उतरलो होतो. हे मी आजही लिहिते तेव्हा माझा हात हलतो, आणि चिटणीसांना सांगावेसे वाटते की हा निसर्ग नव्हे.

बाई पट्टा परत मागायला ठाण्याला गेल्या, तेव्हा मी बरोबर होते.

“अहो बाई, तो आता मंडळाचा झाला,” चिटणीस हसतमुखाने म्हणाले. “तुमचं-आमचं असं काय करता? चहा घेता?”

“खाट माझी होती. दंड माझा होता,” बाई म्हणाल्या. “आणि शाखा?”

“विचार चालू आहे.”

चहा न घेता आम्ही बाहेर पडलो. खोपटच्या नाक्यापर्यंत त्या इतक्या भरभर चालल्या की मला धावावे लागले. नंतरही त्या अनेकदा गेल्या. दर वेळी चहाचे विचारले गेले. पट्टा मिळाला नाही, शाखा उघडली नाही.

पुढे त्यांना कोकणातल्या एका शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली. निरोपाला मी स्टेशनवर गेले, तर त्या वळकटीचा पट्टा गुडघा रोवून आवळत होत्या. मी धीर करून दोन बोटे पुढे केली. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

“माणसाला बांधताना, संस्कृत. सामानाला श्वास घ्यायचा नसतो.”

मग त्या हसल्या. आमची शेवटची भेट तीच. तीन-चार वर्षांत विषमज्वराने त्या गेल्याचे त्यांच्या भाचीकडून कळले.

पन्नासाचे दशक सरता सरता मंडळाने आपली वास्तू उभारली. शाळेतर्फे कोणीतरी जायला हवे होते, म्हणून उद्घाटनाला मी गेले. दिवाणखान्यात चिटणीसांची मोठी तसबीर. तिच्याखाली खिळ्याला टांगलेला निवारीचा एक पट्टा, आणि पितळी पाटी: ‘आमच्या चिटणीसांच्या कल्पनेतून साकारलेला सोयीस्कर पट्टा’.

मी जवळ गेले. पट्टा तोच होता. खाटेच्या निवारीतला निळा धागा मी ओळखला. आणि तो भिंतीवर सरळ, नीटस दिसावा म्हणून कोणीतरी बक्कल एका जागी बसवून वरून जाड दोऱ्याने पक्के शिवून टाकले होते. मी दोन बोटे आत घालून पाहिली. बक्कल सरकले नाही.

पाटी काढण्याइतके बळ माझ्या अंगात नव्हते. पण पिशवीत शिवणाची छोटी कात्री होती. बाहेर भाषणे चालू होती. मी ते टाके एकेक करून कापले. दारातला पहारेकरी धावत आला.

“ओ बाई, काय करताय काय?”

“टोचत होतं,” मी म्हणाले. माझा आवाज चक्क साऱ्या दिवाणखान्यात ऐकू गेला.

मी बक्कल वर-खाली सरकवून पाहिले, पट्टा परत खिळ्याला टांगला आणि घरी आले. त्यानंतर मंडळाने मला कधी बोलावले नाही.

माझे काही चुकले का?