जुन्या इंजिनाला दोष नाही

दादा मंगळवारी गेला. सकाळी तो टिलर, म्हणजे मागून चालत धरायचं मशागतीचं यंत्र, घेऊन मोसंबीच्या बागेत गेला. दुपारी वहिनी भाकरी घेऊन गेल्या तेव्हा तो झाडाच्या आळ्याशेजारी पडला होता. टिलर गियर काढून उभा होता. इंजिन चालू होतं. वहिनींना ते बंद करता येत नव्हतं. त्या गावाकडे धावत आल्या. माणसं गेली, त्यांनी दादाला उचलून आणलं. इंजिन चालू राहिलं. संध्याकाळी कधीतरी ते बंद पडलं.

मी तेव्हा घनसावंगीला हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होतो, रोज घरून ये-जा करायचो. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. शेत त्यानं पाहायचं आणि पुस्तकं मी वाचायची, अशी वाटणी वडील गेल्यावर न बोलताच झाली होती. त्याला मूल नव्हतं. बैलजोडी विकून त्यानं टिलर घेतला, दोन एकरांत मोसंबीची अडीचशे झाडं लावली आणि आठ वर्षं ती वाढवली. फांद्या खाली आल्यावर बैल आत घालता आले नसते. जू फांदीला लागलं असतं, बैलांनी पाला ओढला असता. टिलर मात्र माणसाच्या कमरेएवढा. तो फांद्यांखालून जायचा. विहिरीवरची विजेची मोटर जळाल्यापासून पाणीही त्याच इंजिनावर होतं. पट्टा चढवला की ते पंप ओढायचं. मशागत त्याच्यावर आणि पाणीही त्याच्यावर.

दहावं झाल्यावर मी कुंभार पिंपळगावहून मिस्त्रीला जीपनं घेऊन आलो. त्यानं आधी डिझेलच्या टाकीत काडी घालून पाहिलं. डिझेल होतं. मग रेडिएटरचं झाकण उघडलं. आत थेंब नव्हता. इंजिन खोलून झाल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं.

"इथं नख फिरवा गुरुजी. अडकतंय का?"

अडकत होतं.

"ब्लॉकला, ह्या बिडाच्या ठोकळ्याला, तडा गेलाय. पिस्टन धरलाय, हलत न्हाई. तसं हे म्हातारं व्हतंच, सिलिंडर आतून कातून दोनदा बोर केलंय म्या. तरी दोन वर्सं ओढलं असतं."

"दुरुस्त होईल का?"

"जालन्याला वेल्डिंग करून मिळतं. पण हमी? बिलकुल न्हाई. माझं ऐका, सांगाडा चांगलाय, गिअरबॉक्स चांगलाय. इंजिन नवं बसवा आन् जल्दी बसवा."

वहिनी गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "पाणी आटल्यामुळं झालं का हे?"

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. "न्हाई ताई. जुनं व्हतं."

वहिनी आत गेल्या. आपल्याला इंजिन बंद करता आलं नाही म्हणून हे झालं, हे त्यांना कळलं होतं, आणि ते मला कळलं. काही न बोलणं मला नेहमीच जमतं.

जल्दी कशाची, हे सांगायला हवं. मोसंबीला हिवाळ्यात दीड-दोन महिने पाणी तोडतात. पानं कोमेजतात, थोडी गळतात. मग मशागत करून पाणी सोडलं की उपाशी राहिलेलं झाड फुलावर येतं. पाणी सोडायला उशीर झाला तर झाड फांद्यांच्या शेंड्यांपासून वाळत जातं. दादानं जाण्याआधी पंधरा दिवस पाणी तोडलं होतं. म्हणजे दिवस मोजले जात होते, आणि ते मोजणारा माणूस नव्हता. भावकीतले लोक बसायला यायचे आणि उठताना म्हणायचे, बाग काढा, कापूस लावा, बटाईनं द्या, तुम्ही नोकरीचे माणूस. बाग गेली असती तर वहिनींना या घरात स्वयंपाकाखेरीज काही उरलं नसतं. कदाचित त्या माहेरीच गेल्या असत्या. त्यांच्या भावानं तसं एकदा सुचवलंही होतं.

नवं इंजिन आणायला अडचण पैशांची नव्हती. अडचण आईची होती.

"वर्ष सरेपोवतर घरात नवं काही यायचं न्हाई," ती म्हणाली. "नवं भांडं न्हाई, नवं लुगडं न्हाई. आन् इंजिन आणता?"

मिस्त्री त्या दिवशी चहाला बसला होता. तो म्हणाला, "आजी, टिलर जुनाच राहणार हाय. आतला जीव तेवढा बदलायचा."

"जीवच नवा आणू नका म्हणून राह्यले मी."

मिस्त्रीनं कप खाली ठेवला. "मंग झाडांना सांगा, वर्षभर थांबा म्हणून."

"तुला काय रे जातंय. लोकं म्हणतील, तो जायाचीच वाट बघत होते."

हेच खरं कारण होतं. शाळेत मी मुलांना रूढी या विषयावर निबंध लिहायला द्यायचो. घरात मी आईसमोर उभा राहून पायाच्या अंगठ्यानं जमीन कोरत होतो.

दादाच्या पेटीत टिलरबरोबर आलेलं पुस्तक होतं. इंग्रजीत, पाऊणशे पानांचं. मी शब्दकोश घेऊन ते आठ दिवस वाचलं. पेन्सिलीनं खुणा केल्या. धूर काळा कधी येतो, निळा कधी येतो, ऑइल कुठून गळतं, सगळं मला पाठ झालं. इंजिन बंद करण्याची कृती अकराव्या पानावर होती. चार ओळींची. ते पान मी दोनदा उलटलं आणि वहिनींना दाखवलं नाही. या सगळ्यात आठ दिवस गेले, आणि बागेतली पानं द्रोणासारखी वळायला लागली.

एका संध्याकाळी वहिनी माझ्या टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, नवंच आणा. पाप लागायचं तर मला लागू द्या. आणि चालवायला गडी बघू नका. मी चालवीन."

"तुम्ही?"

"का? तुमच्या शाळेत बाया शिकवत न्हाईत का?"

मी हसलो. वाईट हेतूनं नाही, पण हसलो. म्हणालो, "आईचं मनही पाहायला हवं, वहिनी."

"सगळ्यांचं मन बघा," त्या म्हणाल्या. "तवर झाडं बघते मी." आणि त्या गेल्या.

तोडगा आईनंच काढला. दुसऱ्या सकाळी देवपूजा उरकून ती म्हणाली, "जुनं इंजिन आणा कुणाचं तरी. जुन्याला दोष न्हाई."

मला एवढं हलकं वाटलं की मी त्याच दिवशी रजा टाकली. आई राजी होती, इंजिन येणार होतं, माझा निर्णय झाला होता. तो निर्णय नव्हताच, कोणीही माझ्यावर रागावू नये म्हणून काढलेली पळवाट होती, हे समजायला मला दोन महिने लागले.

अंतरवालीच्या बाजूला एका जुन्या टिलरचं इंजिन विकायला असल्याचं मिस्त्रीला कळलं होतं. गेलो. मालक बोलका होता. त्यानं बसायला घोंगडी टाकली, ऊस सोलून दिला आणि म्हणाला, "बघा तर खरं, एका हँडलात उठतंय." खरंच उठलं. मिस्त्रीनं ते बंद करायला लावलं, रेडिएटरवर हात ठेवला आणि मला बाभळीकडे घेऊन गेला.

"गुरुजी, आपण यायच्या आधी चालवून गरम करून ठेवलंय. थंड असताना कसं कुंथतंय ते कळू द्यायचं न्हाई त्याला."

"मग घ्यायचं नाही म्हणता?"

"मी व्हय म्हणलो तरी तुम्ही 'नक्की का' इचारणार, न्हाई म्हणलो तरी इचारणार. उद्या सकाळी थंड असताना पुन्हा येऊ. तवा बघू."

उद्या मला शाळा होती. परवा आईला पुन्हा सांगावं लागलं असतं. उन्हात उभं राहून माझं डोकं दुखत होतं आणि मला घरी जाऊन सांगायचं होतं की झालं एकदाचं. मी म्हणालो, "घेऊ." मिस्त्रीनं खांदे उडवले. "घ्या. हात माझे, जबाबदारी तुमची."

इंजिन बसलं. चालवायला मी गडीच ठेवला; त्यानं चार दिवसांत बागेची मशागत केली. मग पट्टा चढवून पहिलं पाणी दिलं, दहा दिवसांनी दुसरं. महिन्याभरात झाडं अशी फुलली की पानं दिसेनात. वास रस्त्यापर्यंत यायचा. भावकीतले लोक थांबून पाहायचे, आणि कापसाचं नाव त्यांनी काढलं नाही. आई बागेच्या बांधावर बसून रडली. मी शाळेतून येताना चालत वळसा घेऊन बागेत जायचो आणि स्वतःवर खूश असायचो. तेवढे पंधरा-वीस दिवस.

फुलांची फळं धरत होती, ज्वारीच्या दाण्याएवढी, तेव्हा इंजिन बंद पडलं. आधी निळा धूर, मग ठोके, मग काहीच नाही. पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच सगळं क्रमानं झालं. मला प्रत्येक लक्षणाचं नाव माहीत होतं. मिस्त्री आला, त्यानं ते खोललं आणि तुकडे एका पोत्यावर मांडले. मला टाकून बोलला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "आता पाण्याचं कसं करता?"

नवं आणू का, हे आईला विचारायचं धाडस मला तेव्हाही झालं नाही; शेजाऱ्याचा डिझेल पंप मागून आणला. त्याचाही गहू पाण्यावर होता. त्यानं दोन रात्री दिला आणि मग हात जोडले. वहिनींनी आणि गड्यानं विहिरीतून बादल्या ओढून काही झाडांच्या मुळाशी पाणी घातलं. मीही रविवारी ओढल्या. चाळीस बादल्यांनंतर माझ्या तळव्यांना फोड आले आणि सोमवारी मला खडू धरता येईना. सगळं पाहून आई म्हणाली, "देवाची मर्जी." मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. "देवाची नाही, माझी." तिला वाटलं मी दुःखानं बोललो. मी रागानं बोललो होतो, आणि तो राग तिच्यावर नव्हता.

बाग गळली. सकाळी झाडांखाली हिरव्या गोळ्यांचा सडा पडलेला असायचा. वहिनी तो झाडून एका जागी करायच्या, जणू अंगण असावं. उन्हाळ्यात साठ-सत्तर झाडं शेंड्याकडून वाळली. मी वहिनींना म्हणालो, "माझं चुकलं. तुम्ही सांगितलं होतं." त्या वाळलेली फांदी विळ्यानं तोडत होत्या. "व्हय, सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या झाडाकडे गेल्या. मला वाटतं, त्यांनी मला माफ केलं असतं तर ते ऐकायला मी त्यांच्या मागेमागे गेलो असतो. त्यांनी तसं काही केलं नाही. मात्र त्या माहेरीही गेल्या नाहीत.

कार्तिकात वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या आठवड्यात मी जालन्याहून नवं इंजिन आणलं, कोणालाही न विचारता. आईनं त्याला हळदकुंकू लावलं. मिस्त्रीनं ते बसवलं, पाणी भरलं, ऑइल पाहिलं, हँडल हातात घेतलं आणि म्हणाला, "या गुरुजी, चालू करायचं दाखवतो."

वहिनी पुढे झाल्या. पदर खोचलेला होता.

"मला दाखवा. आणि चालू करायचं राहू द्या. आधी बंद करायचं दाखवा."

मिस्त्रीनं इंजिन सुरू केलं आणि बाजूचा एक लहानसा दांडा दाखवला. वहिनींनी तो ओढला. इंजिन थांबलं. त्यानं पुन्हा सुरू केलं. त्यांनी पुन्हा ओढला. असं सात-आठ वेळा झालं. आई बांधावरून म्हणाली, "अगं, आता चालव तरी." वहिनी म्हणाल्या, "चालवीन, आत्या. हे बराबर येऊ द्या."

मी गोठ्याच्या दारात उभा होतो. वर्षापूर्वी त्या जिथं उभ्या होत्या तिथं.

आई पुढं चार वर्षांनी गेली. मी गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि आता दिवसभर घरीच असतो. तडा गेलेला ब्लॉक विहिरीजवळ आहे. त्यावर पाय ठेवून लोक हात-पाय धुतात. अडीचशे झाडांपैकी एकशे दहा उरली आहेत. टिलर वहिनी चालवतात. मी जालन्याहून आणलेलं ते इंजिनही दोनदा बोर झालं आहे, आणि ते आता बदलावं असं मिस्त्रीचं म्हणणं आहे.