सात पानांची फांदी

"दप्तर उलटं कर," बाई म्हणाल्या.

मी अकरा वर्षांची होते. एरंडवण्यातल्या त्यांच्या बंगल्यात माझे वडील, आप्पा, माळी होते. शाळा सुटली की मी तिथे जायची आणि संध्याकाळी आप्पांबरोबर घरी यायची. निघताना फाटकापाशी आप्पांची पिशवी रोज तपासली जायची. बाईंच्या गुलाबांना प्रदर्शनात बक्षिसं मिळायची. एक काडीही बाहेर जाता कामा नये.

त्या दिवशी माझाही नंबर लागला. मी पायरीवर दप्तर ओतलं. वह्या, कंपासपेटी, डबा. बाईंनी चपलेच्या टोकाने मराठीचं पुस्तक उघडलं. आत पाच-सहा पाकळ्या.

"मुलगी हुशार आहे हो माळीबुवांची. पुस्तकाचा उपयोग कळलाय हिला."

"पडलेल्या हायेत त्या, बाई," आप्पा म्हणाले.

"पडल्या माझ्याच अंगणात ना? मार तिला. मला बघू दे."

आप्पांनी मारलं. एकदाच. माझ्या गालाला माती लागली.

"आता कसं," बाई म्हणाल्या, आणि पाकळ्या मलाच कचऱ्यात टाकायला लावल्या.

त्यानंतर आप्पांनी मला कधी हात लावला नाही. मारायला नाही, जवळ घ्यायलाही नाही. एवढं मात्र मी बाईंना माफ केलेलं नाही.

रविवारी आप्पा मला घेऊन हडपसरला जायचे, रुबिनाभाभींच्या रोपवाटिकेत. तिथे ते कलमं बांधायचे. जंगली गुलाबाच्या खुंटाला चीर द्यायची, चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा न फुटलेला कोंब, त्यात बसवायचा, वर पट्टी गुंडाळायची. पहिल्याच दिवशी भाभींनी बसायला स्टूल दिलं आणि म्हणाल्या, "आप्पा, मला शिकवा. जगतील त्यातली निम्मी रोपं तुमची."

आप्पांनी हातचं काही राखलं नाही. भाभीही कुठून कुठून नव्या जाती आणून त्यांच्यापुढे ठेवायच्या. भाभी कडक होत्या. पट्टी सैल दिसली की विचारायच्या, "ही माझ्या रोपावरची की तुमच्या? माझी असेल तर चालणार नाही. तुमची असेल तर अजिबातच चालणार नाही." आप्पा हसायचे. बंगल्यात मी त्यांना हसताना पाहिलं नाही. भाभींच्या एका शेडच्या तीन झाल्या. आप्पांच्या निम्म्या रोपांवर माझं कॉलेज झालं. उपकार कुणीच कुणावर केले नाहीत.

तिथेच आप्पा सांगायचे, "कलमाच्या खालनं फांदी फुटली, देठाला सात पानं दिसली, की समजायचं जंगली हाय. लय जोमानं वाढती. वरच्या गुलाबाला उपाशी मारती. दिसली की मोडायची."

बंगल्यात ते ती मुकाट्याने मोडायचे. बाईंनी कधी विचारलं नाही. पाणी घालणाऱ्याला विचारायचं काय?

गेल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. तेराव्याला भाभी आल्या आणि दिवसभर माझ्या शेजारी बसून राहिल्या. बाईंचा फोन दिवाळीनंतर आला. "झाडं वाढतायत, फूल नाही. त्याने काही लिहून ठेवलंय का? येऊन जा." आप्पांबद्दल एक शब्द नाही.

मी गेले. का गेले, नीट सांगता येत नाही. आप्पांचे हात चालायचे ती जागा बघायची होती बहुतेक.

वाफ्यात पुरुषभर उंच फांद्या. सगळ्या सात पानांच्या. बाई आता थकल्यात, पण कात्री स्वतः चालवतात. मधल्या खुरटलेल्या फांद्या त्यांनी निरुपयोगी म्हणून छाटल्या होत्या. गुलाब त्यांनाच आला असता. जंगली फांद्यांना त्यांनी काठ्यांचा आधार दिला होता, शेणखत घातलं होतं.

"काय कमी पडतंय हो?" बाईंनी विचारलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाल्या, "अहो, तुमचे वडील आमच्या घरचेच होते."

कोपऱ्यात एक कलम अजून जिवंत होतं. खालच्या दोन फांद्या मोडल्या असत्या तर वाचलं असतं. माझा हात पुढे गेला. अगदी आप्पांसारखा आहे तो. मी तो मागे घेतला.

निघताना पायरीवर पर्स उलटी केली. चष्मा, किल्ल्या, ग्रंथालयाचं ओळखपत्र, एक पुस्तक.

"हे काय?"

"तपासून घ्या, बाई."

त्या वाकल्या नाहीत. मी एकेक वस्तू उचलली आणि फाटक लावून घेतलं.

ज्याची पिशवी रोज तपासली जाते तो सांगितलं तेवढंच देतो. बाईंना तेवढंच मिळालं. ते सगळं आहे असं त्यांना वाटत राहिलं.

रविवारी मी हडपसरला आप्पांच्या स्टुलावर बसते. येईल त्याला डोळा बसवायला शिकवते. जाताना कुणाची पिशवी बघत नाही.

कोपऱ्यातलं ते कलम आतापर्यंत मेलं असेल. मी सांगितलं नाही. पुन्हा फोन आला तरी सांगणार नाही.