सोचणारं यंत्र

"थांब, ते सोचून राह्यलं," असं म्हणत भाऊजी माझा हात बटणांवरून अलगद बाजूला करत. भागाकार दिला की आमच्या ऑफिसातल्या कॅल्क्युलेटरचे आकडे क्षणभर थरथरत, मग उत्तर स्थिर होई. तेवढा वेळ ते श्वास रोखून बघत.

सेलूला तेव्हा नद्यांच्या पाण्याची मोजमापं जमवणारं आमचं छोटं ऑफिस होतं. मी कारकून, आणि सगळं ऑफिस ज्यांना भाऊजी म्हणे ते नकाशे काढणारे. टाइपरायटरएवढं ते जुनं यंत्र नागपूरहून आलं आणि वर्षभरात बंद पडलं. "याचे पार्ट आता मिळत नाहीत," असं सांगून मेकॅनिक निघून गेला. भाऊजींनी कोणाला न विचारता झाकण उघडलं.

आत सर्किटच्या पाट्या दाटीनं उभ्या होत्या. प्रत्येकीची तांब्याची कड त्यांनी खोडरबरानं घासून परत खाचेत बसवली. तीन दिवस त्यांना जेवणाच्या डब्याची शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी काचेच्या नळ्यांत नारिंगी आकडे उजळले.

"इकडं पाह्य. एका नळीत शून्यापासून नवापर्यंत सारे एकामागं एक उभे हायेत, तारेचे. ज्याले करंट भेटला, तोच दिसते."

"अन् बाकीचे?"

"राह्यतेत तिथंच," ते हसले.

सुट्टी ज्याला खायला उठते असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. भाऊजींची बायको लग्नानंतर दोनच वर्षांत वारली होती. हे मला दुसऱ्याकडूनच कळलं. रविवारीसुद्धा ते ऑफिसात येऊन यंत्र लावून बसत.

"आज काऊन आले, भाऊजी?"

"ओल धरते ना ते. गरम करा लागते."

निवृत्तीनंतरही ते दर सोमवारी पवनारहून बसनं येत आणि झाकण काढून आत ब्रश फिरवत. एकदा नव्या साहेबांनी पाहिलं. "बाहेरच्या माणसानं सरकारी यंत्राला हात लावायचा नाही."

भाऊजींच्या तळहातावर चार स्क्रू होते. त्यांनी ते एकेक करून बसवले, "बरं, येतो" म्हणाले आणि गेले. मी फायलीत मान घालून बसलो होतो. एक शब्द बोलता आला असता.

पुढे खिशात मावणारे कॅल्क्युलेटर आले, ते यंत्र भंगारात गेलं. पवनार जवळच, पण त्यांना सांगायला कोणी गेलं नाही. मीही नाही.

ते वारले त्याच्या थोडंच आधी वर्ध्याच्या बसमध्ये भेटले. खिडकीशी बसले होते, शेजारच्या जागेवर कापडी पिशवी.

"कोनी येऊन राह्यलं का, भाऊजी?"

"नाई बा. बस." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

"मंग जागा काऊन धरली?"

"रिकामी बरी नाई दिसत."

पवनारला ते उतरले. बस सुटली, तेव्हा मी माझी पिशवी त्यांच्या जागेवर ठेवली.