धोंडू घाडींचं बोट

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये धोंडू घाडींनी अख्खी उमर लेथ मशीनपुढे काढली आणि निवृत्त होताना घरी एक गोष्ट घेऊन आले. कुठल्याशा पंपाच्या दांड्यात पाच मायक्रॉनचा फरक होता. मापाच्या यंत्राने तो सोडून दिला, धोंडूंच्या बोटाने पकडला. ही गोष्ट नात्यातल्या प्रत्येक लग्नात, पानं वाढली जाण्याआधी, सांगितली जाई. मायक्रॉन म्हणजे काय, असं समोरच्याने विचारावं म्हणून ते मध्येच थांबत. कोणी विचारलं नाही तरी सांगत, की डोक्यावरचा एक केस घ्या, त्याच्या जाडीचे सत्तर भाग करा, त्यातला एक. त्यांच्या बायकोचं, विमलाबाईंचं म्हणणं, पुतण्याच्या लग्नात हे मायक्रॉन दहा होते, भाचीच्या लग्नात आठ झाले. घरात अजून दोन लग्नं निघाली तर सांगायला काही उरायचं नाही.

तर असं ते बोट. पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळेच घडलं.

धोंडूंची मुलगी अक्षता ॲनिमेशन शिकलेली. अंधेरीच्या एका स्टुडिओने तिला सांगितलं, पंधरा सेकंदांचा एक तुकडा करून दाखव, आवडला तर घरबसल्या काम देऊ. मात्र कॉम्प्युटर तुझा. मुदत महिनाअखेरची. तिचा जुना लॅपटॉप दोन सेकंदांचं चित्र करतानाच असा तापायचा, की विमलाबाई त्याच्यावर पापड भाजायच्या गोष्टी करत. डेस्कटॉप घेणं भाग होतं. तयार घ्यावा तर आवाक्याबाहेर. एकेक भाग निवडून जोडावा तर धोंडूंनी नुकत्याच उचललेल्या भिशीत जेमतेम बसत होता. भिशी काही दर महिन्याला लागत नाही. जे घ्यायचं ते एकदाच, आणि ते चाललंच पाहिजे, हे बापलेकींनी एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही, पण दोघांच्याही जेवणावर त्याचा परिणाम झालेला दिसत होता.

रोज संध्याकाळी अक्षता मोबाइलवर भाग दाखवी आणि धोंडू ते मनातल्या मनात आपल्या कारखान्यात नेऊन बसवत. प्रोसेसर म्हणजे टर्नर, लेथ चालवणारा कारागीर. रॅम म्हणजे त्याच्या हाताजवळचं टेबल; टेबल लहान असेल तर कितीही भारी टर्नर ठेवा, निम्मा वेळ उठबस करण्यातच जाणार. एसएसडी हे गोदाम. ग्राफिक्स कार्ड कारखान्यात कुठे बसवावं हे त्यांना बरेच दिवस कळलं नाही, आणि नेमकं तेच निम्मी भिशी खाऊन बसलं होतं. अक्षताने समजावलं, की टर्नर एकेक काम अक्कलहुशारीने करतो. हा म्हणजे हजारो हमालांचा जथा आहे, अक्कल कमी, पण सगळे एकदम हात लावतात. चित्राच्या कामाला हेच लागतात. हमालांना इतका पगार, म्हणून धोंडूंनी एक दिवस तोंड फुगवलं, मग मान्य केलं.

रॅमचे भाव तेव्हा आभाळाला भिडले होते. दोनाऐवजी एकच पट्टी घ्यायची, दुसरी खाच पुढच्या भिशीपर्यंत रिकामी ठेवायची, असं ठरलं. रंगीबेरंगी दिव्यांचा डबा धोंडूंनी एका वाक्यात मोडीत काढला: रोषणाई देवळात शोभते. वीजपुरवठ्याच्या डब्यात मात्र काटकसर करायची नाही, यावर दोघांचं आपोआप एकमत झालं.

बोरिवलीला स्टेशनजवळच्या एका गाळ्यात धवल नावाचा तरुण दुकानदार होता. त्याने सगळे खोके काढून मांडले. मदरबोर्डचा खोका फोडून, प्रोसेसर बसतो त्या चौकोनावरचं प्लास्टिकचं झाकण उचलून त्याने आत बॅटरी मारली, फोटो काढला आणि अक्षताला बजावलं, की ह्या पिना सरळ आहेत बघून घ्या, घरी गेल्यावर वाकल्या तर कंपनी परत घेत नाही. हे चाललेलं असताना धोंडू कुठे होते? ते प्रोसेसर बघत होते. बिस्किटाएवढाही नाही, आणि एवढी किंमत. अक्षताला त्यांनी हळूच विचारलं, ह्याच्यात असं आहे तरी काय?

तिने रिक्षात सांगितलं. तुमचा मायक्रॉन घ्यायचा, बाबा, त्याचे हजार भाग करायचे. त्या एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. ह्याच्या पोटातलं काम असल्या मापाचं. आणि असे स्विच आत किती, तर अब्जावधी.

धोंडूंनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. महावीरनगरच्या सिग्नलपासून चारकोपच्या नाक्यापर्यंत मांडीवरचा प्रोसेसरचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी असा धरला होता, की रिक्षावाल्याला वाटलं आत देव आहे. त्याने खड्डेसुद्धा चुकवले.

दुसऱ्या दिवशी रविवार. पहाटे आंघोळ करून धोंडू खोक्यांपुढे बसले. अक्षता झोपलेली. रात्रभर त्यांच्या डोक्यात तो हजारावा भाग फिरत होता. कोणी केलं असेल हे? कुठल्या मशीनवर? त्या माणसाचं बोट कसं असेल? नुसतं बघायचं, एवढ्याच इराद्याने त्यांनी मदरबोर्ड बाहेर काढला, खटका उघडला, झाकण उचललं. आत भाताच्या रोपांचा सोन्याचा तरवा उगवला होता. केसासारख्या बारीक पिना, रांगेत रांग, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, जणू मालवणच्या शेतावर वारा सुटलाय. धोंडूंचे डोळे भरून आले. आणि नवं काम समोर आलं की पस्तीस वर्षं जे केलं तेच त्यांनी केलं: कडा साफ निघाल्यात का बघायला हलकेच बोट फिरवलं.

बोटाला काही लागलं नाही. पण उचलल्यावर दिसलं ते असं, की तरव्यातून म्हैस चालून गेलीय.

अक्षता उठून बाहेर आली तेव्हा ते तसेच बसलेले होते. विमलाबाईंनी ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

"बाय," ते म्हणाले, "माझ्या हातसून वाट लागली."

तिने वाकून बघितलं आणि खुर्चीत बसली. तिने आरडाओरडा केला असता तर धोंडूंना सोपं गेलं असतं. निदान उलट ओरडता आलं असतं. शेवटी तिने विचारलं, "तुमचं ते भिंग कुठेय, माप वाचायचं?"

मदरबोर्ड खिडकीशी आला. विमलाबाईंनी डब्यातली सगळ्यात बारीक सुई काढून दिली. चूक माझी, तर सरळही मीच करणार, असं म्हणून धोंडूंनी सुई हातात घेतली. भिंगाखाली तिचं टोक आलं आणि दोघांनीही ते पाहिलं. टोक थरथरत होतं. साध्या डोळ्यांना ते कधी दिसलं नव्हतं, पण भिंगाखाली तो भूकंप होता. पाच मायक्रॉनवाल्या माणसाने मुकाट्याने सुई मुलीच्या हातात दिली.

"तुका जमात?"

"माहीत नाही. भिंग नीट धरा. आणि श्वास तिकडे सोडा, बाबा, पिना हलतायत."

पिना हलत नव्हत्या. पण धोंडूंनी तोंड फिरवून श्वास सोडायला सुरुवात केली. एका हातात भिंग, दुसऱ्यात बॅटरी, मान वाकडी. अक्षताने करंगळी बोर्डाच्या कडेला टेकवली. ही टेकवायची पद्धत त्यांची स्वतःची, पण ती त्यांनी तिला कधी शिकवली नव्हती. तिने सुई पिनेच्या पोटाखाली सरकवली, अगदी जरा उचलली, थांबली, मागे आली, बघितलं, पुन्हा गेली. एक पीन उभी राहून आपल्या रांगेत गेली. मग शेजारची. धोंडू आधी पिनांकडे बघत होते. नंतर ते तिच्या हाताकडे बघायला लागले. हा हात चित्रं काढायच्या काचेच्या पाटीवर पेन फिरवत रात्र रात्र रेघा मारतो, त्याला ते आजवर टाइमपास म्हणत आले होते. भिंगाखालीही त्यात थरथर नव्हती. घरात, पंख्याखाली, आपल्याच ताटात जेवून हे कधी तयार झालं, याचा त्यांना पत्ता लागेना.

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा तिने मान वर केली. प्रोसेसर बसवला, आणि वरचा खटका दाबायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "हा तुम्ही दाबा. करकर आवाज येतो, तो यायचाच. घाबरू नका."

धोंडू नको म्हणाले. तिने ऐकलं नाही. त्यांनी दाबला, आवाज आला, आणि विमलाबाई आतून म्हणाल्या, "आता काय मोडलां?"

जोडून झाल्यावर बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. अक्षताने रॅमची पट्टी काढून दुसऱ्या खाचेत घातली. पुन्हा बटण. पुन्हा काळं. धोंडू देवाला नारळ कबूल करत होते, एकाचे दोन झाले होते, तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली.

रॅमची पहिली खाच गेली ती गेलीच. तिच्याशी जोडलेली एखादी पीन पुरती उठली नसावी. म्हणजे पुढची भिशी लागली तरी दुसरी पट्टी बसवायला जागा नाही. पण पंधरा सेकंदांचा तुकडा मुदतीत गेला, आणि स्टुडिओने पुढचं काम पाठवलं. आता अक्षताची खोली बंद असली की धोंडू येणाऱ्याजाणाऱ्याला हळू बोलायला सांगतात. आत बारीक काम चाललेलं असतं.

परवा भाचीच्या दिराचं लग्न झालं. पानं वाढण्याआधी धोंडूंनी गोष्ट सुरू केली, पण ती वेगळीच निघाली: केसाहून बारीक पिना, एक सुई, आणि आमच्या अक्षताचा हात. लोक खरोखर गप्प होऊन ऐकत होते. त्या पिना मुळात वाकल्या कशा, हे मात्र धोंडू सांगत नाहीत. ते विमलाबाई सांगतात.